उजव्या कोपऱ्यातल्या सह्या

कारखान्यातलं जुनं ड्रॉइंग हातात आलं की मुरलेला माणूस मधल्या आकृतीकडे नंतर बघतो, आधी खाली उजव्या कोपऱ्यात नजर टाकतो. तिथे एक आडवी चौकट असते, टायटल ब्लॉक. भारतीय मानक ब्यूरोच्या शिफारशीप्रमाणे १८५ मिलिमीटर लांब, ६५ मिलिमीटर उंच. नगाचं नाव, धातू, प्रमाण, ड्रॉइंग नंबर हे तिच्यात असतंच. मला मात्र त्यातले बारीक रकाने वाचायला आवडतात. डिझाइन्ड, ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड, अप्रूव्ह्ड. प्रत्येकापुढे कुणाची तरी आद्याक्षरं आणि तारीख. १९६०-७०च्या दशकातल्या एखाद्या पंपाच्या किंवा लेथच्या ड्रॉइंगवर हे पाचही रकाने वेगवेगळ्या हस्ताक्षरांत भरलेले सापडतात. एका बेअरिंग हाउसिंगसाठी पाच माणसं, आणि त्या पाचांच्या वयात, पगारात आणि ऑफिसातल्या खुर्चीच्या जागेत रीतसर फरक.

एआय इंजिनिअरांच्या नोकऱ्या खाणार की वाढवणार, यावर सध्या रोज कुणीतरी व्याख्यान देतं. त्यापेक्षा हा कोपरा वाचावा. हे रकाने एकेक करून आले कसे आणि एकेक करून गेले कसे, याचा माग काढला तर नवं तंत्र आल्यावर नेमकं काय होतं ते बरंच उघड होतं. काम सहसा नाहीसं होत नाही. ते शेजारच्या रकान्यात ढकललं जातं, आणि तिथल्या माणसाला त्याची कल्पना असतेच असं नाही.

मुळात सहीची गरजच नव्हती असा मोठा काळ होऊन गेला. भोपाळजवळ भोजपूरला अकराव्या शतकातलं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर आहे. त्याच्या आसपासच्या खडकावर मंदिराच्या भागांच्या रेखाकृती कोरलेल्या दिसतात. काढणारा, घडवणारा आणि चुकलं तर बोलणी खाणारा, सगळे त्याच खडकावर उभे. शंका आली तर हाक मारायची. ड्रॉइंगवर नाव लागायला लागलं ते काढणारा आणि घडवणारा यांच्यात अंतर पडल्यावर.

ते अंतर पाडलं वाफेच्या इंजिनानं. बोल्टन आणि वॅट बर्मिंगहॅमजवळच्या सोहोत बसत, पण त्यांची इंजिनं उभी राहत दूर कॉर्नवॉलच्या खाणींवर. सिलिंडर एका ओतशाळेतून यायचा, बाकीचे भाग दुसरीकडून, जोडणी तिसऱ्याच गावी. सुरुवातीच्या काळात सोहोतून निघे ते मुख्यतः ड्रॉइंग आणि थोडे नाजूक भाग. लिहिलेल्या कागदाची नक्कल काढणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट १७८०मध्ये याच वॅटनं घेतलं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्याच्या थोडं आधी, १७६०च्या दशकात, फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत गास्पार मोंज नावाचा एक पोरगेलासा ड्राफ्ट्समन कामाला होता. किल्ल्याची तटबंदी अशी आखायची की समोरच्या टेकाडावरून शत्रूला आतलं दिसू नये. हे काम तेव्हा लांबलचक आकडेमोडीनं करत. मोंजनं आकडे बाजूला ठेवून रेषांनीच उत्तर काढलं, आणि ते इतक्या लवकर आणून दिलं की अधिकाऱ्यानं तपासायलाच नकार दिला. एवढ्या वेळात आकडेमोड होऊच शकत नाही, मग बघायचं कशाला? शेवटी तपासलं, बरोबर निघालं, आणि मग ती पद्धत लष्करी गुपित म्हणून कित्येक वर्षं दडवून ठेवली. मोंजचं पुस्तक छापून आलं ते १७९९मध्ये. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं ज्या प्रोजेक्शननं मेटाकुटीला येतात, ते सगळं इथून निघालं. तेव्हा 'चेक्ड' हा रकाना नव्हता, तपासनीस मात्र होता. झटपट आलेल्या उत्तराबद्दलचा त्याचा संशय आज पुन्हा कामाचा झाला आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

'ट्रेस्ड' हा रकाना आला रसायनशास्त्रातून. मूळ ड्रॉइंग पेन्सिलीनं काढलेलं असे. ते शॉपवर पाठवलं तर तेलकट हातांत दोन दिवस टिकणार नाही, आणि प्रती तर दहा हव्यात. १८४२मध्ये जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं लोहाचे क्षार लावलेल्या कागदावर उन्हानं छाप उठवण्याची रीत शोधली. काही दशकांनी ती कारखान्यांत आणि बांधकाम खात्यांत शिरली. मूळ ड्रॉइंगवर खळ दिलेलं अर्धपारदर्शक ट्रेसिंग कापड ताणून बसवायचं आणि त्यावर काळ्या शाईनं रेघ न् रेघ गिरवायची. मग काचेच्या चौकटीत खाली क्षार लावलेला कागद, वर ते कापड, आणि चौकट नेऊन उन्हात ठेवायची. ऊन पोचलं तिथे कागद निळा होतो. शाईच्या रेघेखाली कोराच राहतो. पाण्यात धुतला की निळ्यावर पांढऱ्या रेघा. हीच ब्लूप्रिंट. आपल्या सरकारी खात्यांत तिला फेरो प्रिंट म्हणत, आणि 'फेरो प्रिंटर' हे पद होतं.

शाई पातळ पडली की छापात ती रेघ निळ्यात बुडते. अखंड रेघ म्हणजे दिसणारी कड, तुटक रेघ म्हणजे आड गेलेली कड. ट्रेसरचा हात मध्येच उचलला गेला तर अर्थच बदलतो. इतकं असूनही हे काम हलकं समजलं गेलं. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठच्या जहाजकारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रेसिंगवर मुली घ्यायला सुरुवात केली. त्यांची खोली वेगळी, पगार कमी, आणि त्या खोलीतून ड्राफ्ट्समनच्या टेबलापर्यंत जाणारी वाट जवळजवळ नव्हतीच.

आपल्याकडे ही सगळी व्यवस्था रेल्वे आणि पाटबंधाऱ्यांबरोबर आली. १८५३मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढच्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसं तयार करणारा वर्ग निघाला. तोच पुढे सीओईपी झाला. हेतू स्पष्ट होता: 'अप्रूव्ह्ड' साहेब करणार, बाकीचे रकाने भरायला देशी माणसं हवीत. १८८७मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आणि तिथे यांत्रिक रेखांकन शिकवायला जे मास्तर आले त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर होते. ते जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते, पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि चित्रकार व्हायचं राहून गेलं. यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाही. नोकरी सोडून ते बेळगावला गेले, सायकली विकल्या, नांगर ओतले, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. महाराष्ट्राच्या यंत्रउद्योगाचा मूळ पुरुष ड्रॉइंगचा मास्तर होता, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत ड्रॉइंग ऑफिस ही मोठी जागा झाली. परदेशी कोलॅबरेशनमधून आलेली ड्रॉइंग इंचांत असत. ती मिलिमीटरमध्ये आणायची, धातू इथल्या मानकांप्रमाणे बदलायचे, सगळं पुन्हा ट्रेस करायचं. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला मुलगा बहुधा ट्रेसर म्हणून लागे. ब्लूप्रिंटची जागा तोवर अमोनिया प्रिंटनं घेतली होती; मशीनच्या खोलीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या शाईपेननं मारलेली रेघ चुकली तर साधा खोडरबर उपयोगाचा नाही. अर्धं ब्लेड बोटांत धरून शाई हलकेच खरवडायची, मग त्या जागेवर नखाची पाठ घासून कागद गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी रेघ तंतूंत पसरते. जास्त खरवडलं की भोक, आणि भोक पडलं की आख्खी शीट पुन्हा. दिवसभर दुसऱ्याचं ड्रॉइंग गिरवता गिरवता त्या मुलाला कळत जायचं की इथे ही त्रिज्या का दिली, इथे चावीचा गाळा इतकाच का. शिकवायला कुणी नसे. हातच शिकत असे. चार-सहा वर्षांत तो ज्युनियर ड्राफ्ट्समन, मग ड्राफ्ट्समन, आणि नशीब व डोकं दोन्ही असेल तर पन्नाशीच्या आसपास चेकर.

चेकर म्हणजे ऑफिसातला सगळ्यात नावडता माणूस. त्याच्या टेबलावर अमोनिया प्रिंट पसरलेली, हातात दोन पेन्सिली. बरोबर मापावर पिवळी, चुकीवर लाल. पण मापं जुळवणं हे त्याचं निम्मंच काम. समजा, शाफ्टच्या ४० मिलिमीटर व्यासापुढे 'के ६' लिहिलंय, म्हणजे शाफ्ट दोन ते अठरा मायक्रॉननं मोठा. बेअरिंग घट्ट बसणार. पुस्तकाप्रमाणे बरोबर. चेकर मान वर न करता विचारायचा, "बसवलंस ते ठीक. खराब झालं की काढणार कसं रे? पुलरची नखं कुठे अडकवू? मागचा खांदा बेअरिंगच्या रिंगेएवढाच उंच ठेवलायस." मग दुसरा प्रश्न, "या बोल्टला पाना लावायला जागा आहे का? लावला तर फिरेल किती?" बेअरिंग ओढून काढायचा पुलर ड्रॉइंगवर नसतो, पानाही नसतो, रात्रपाळीला कुरकुरणारा फिटर तर नसतोच. चेकरला ते सगळे दिसायचे, कारण शॉपवरून शिव्या खाऊन परत आलेली ड्रॉइंग त्यानं उभ्या आयुष्यात शेकड्यांनी दुरुस्त केलेली असत. खांद्याची उंची बेअरिंगच्या कॅटलॉगात छापलेली असते. ती बघायला हवी हे सुचणं छापलेलं नसतं.

हा रकाना नुसता सहीपुरता उरला तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं आहे. १७ जुलै १९८१च्या संध्याकाळी हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात नाचाचा कार्यक्रम चालू असताना डोक्यावरचे दोन टांगते पूल कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ कल्पना अशी होती की छतापासून एकच लांब सळई येईल, चौथ्या मजल्यावरच्या पुलातून पार होऊन खाली दुसऱ्या मजल्यावरच्या पुलापर्यंत जाईल, आणि दोन्ही पूल तिच्यावर आपापल्या नटांनी टेकतील. एवढ्या लांब सळईवर मधल्या नटापर्यंत आटे पाडायचे म्हणजे डोकेदुखी. म्हणून लोखंडकाम करणाऱ्यांच्या शॉप ड्रॉइंगमध्ये दोन सळया आल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. कागदावर फरक काही इंचांचा. पण आता खालचा पूल वरच्या पुलाला लोंबकळत होता, आणि वरच्या पुलाच्या नटाखालच्या जोडावर दुप्पट भार आला. मूळ रचनाही नियमापेक्षा कमजोरच होती, हे पुढे चौकशीत निघालं. त्या शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरच्या फर्मचा शिक्का होता. पण त्या जोडाचं गणित कुणी केलंच नव्हतं. दोन इंजिनिअरांचे परवाने मिसुरी राज्यानं रद्द केले. या प्रकरणात संगणकाचा काहीही दोष नाही, सगळं कागदावरच झालं. म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन टेबलांमधल्या फटीत पडलेला प्रश्न कुणाचाच नसतो.

जाता जाता होस्टेलमधल्या ट्रेसिंगचा उल्लेख करायला हवा, नाहीतर इंजिनिअर वाचक रागावतील. दोन खुर्च्यांवर आडवी काच, खाली बल्ब, वर मित्राची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. याला 'जीटी मारणं' म्हणत, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. मिनी-ड्राफ्टर खांद्याला लटकवून कॉलेजात जाणाऱ्या कित्येकांनी प्रोजेक्शन शिकायच्या ऐवजी ही विद्या आत्मसात केली. कारखान्यात ट्रेसर गिरवता गिरवता शिकत होता आणि कॉलेजात मुलं न शिकता यावं म्हणून गिरवत होती. हत्यार एकच. मास्तरांना सगळं माहीत असे. तेही याच वाटेनं आलेले.

संगणकावर रेषा काढायची कल्पना तशी जुनी. इव्हान सदरलँडनं १९६३मध्ये एमआयटीत 'स्केचपॅड' दाखवलं: पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ ओढायची, आणि या दोन रेघा समांतर राहतील असं एकदा सांगितलं की राहतात. पण ते यंत्र खोलीभर होतं. विमानं आणि मोटारी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांखेरीज कुणाला परवडणारं नव्हतं. डिसेंबर १९८२मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि साध्या टेबलावरच्या संगणकावर ड्रॉइंग होऊ लागलं. आपल्याकडे ते रुजायला पुढचं दशक उजाडलं.

पहिला गेला तो ट्रेसर. संगणकातलं मूळ ड्रॉइंग नेहमीच स्वच्छ, गिरवायचं काय? प्लॉटर हव्या तितक्या प्रती काढतो. अमोनियाची खोली बंद झाली, तिथे सर्व्हर आला. पण ट्रेसिंगचं काम संपलं असं मात्र नाही. १९९०च्या दशकात अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांच्या कपाटांत कागदी ड्रॉइंगचे ढीग होते, आणि ते सगळे कॅडमध्ये आणायचे होते. स्कॅन केलेल्या शीट भारतात येऊ लागल्या. पडद्यावर मागे जुनं चित्र, वर माऊसनं रेघ न् रेघ गिरवायची. ड्रॉइंग कन्व्हर्जन असं त्या कामाला नाव होतं. ट्रेसरचा रकाना बंद झाला नव्हता, त्याचा पत्ता बदलला होता. या वेळी त्या खुर्चीवर आयटीआयवाल्याच्या जोडीला डिप्लोमा आणि डिग्रीवालेही बसले.

पुण्यातल्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या धंद्याची एक मुळी अशा गिरवण्यात आहे, आणि ते सांगताना कमीपणा वाटायचं कारण नाही. गिरवता गिरवता लोक मॉडेलिंगला आले, तिथून ॲनालिसिसला. २००२मध्ये फ्रान्सच्या डासो सिस्टिम्सनं जिओमेट्रिकबरोबर पुण्यात थ्रीडी पीएलएम ही संयुक्त कंपनी काढली. तिथे कॅड वापरण्यापुरतं न थांबता कॅडचं सॉफ्टवेअरच लिहिलं जाऊ लागलं. त्या काळातली एक गंमत टायटल ब्लॉकमध्येच सापडते. तिथे छाटलेल्या शंकूची एक लहानशी खूण असते: एकात एक असलेली दोन वर्तुळं शंकूच्या कुठल्या बाजूला काढलीत त्यावरून कळतं की ड्रॉइंग फर्स्ट अँगलचं की थर्ड अँगलचं. आपण शिकतो फर्स्ट अँगल, अमेरिकन गिऱ्हाईक वापरतं थर्ड. ती खूण न बघता मॉडेल केलं की डाव्या बाजूची भोकं उजवीकडे. नव्यानं लागलेला प्रत्येकजण एकदा तरी असा उलटा नग तयार करतो, आणि नंतर आयुष्यभर आधी कोपरा बघतो.

सरकारी खात्यात काळ वेगळ्या चालीनं चालतो. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाच्या २०२३च्या भरतीतही 'अनुरेखक' हे पद होतं. अनुरेखक म्हणजे ट्रेसरच. कापड गेलं, शाई गेली, अमोनिया गेला, पद शिल्लक.

नंतर 'डिझाइन्ड' आणि 'ड्रॉन' एकमेकांत मिसळले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर आलं. त्यात आधी वस्तूचं घन मॉडेल करायचं. एक माप बदललं की सगळं मॉडेल बदलतं आणि समोरून, वरून, बाजूनं अशी दृश्यं त्यातून आपोआप पडतात. मोंजचं गुपित आता एका बटणाचं काम झालं. डिझाइन करणाराच ड्रॉइंग काढू लागला, कारण काढण्यासारखं फार उरलंच नव्हतं. बोइंगनं ७७७ हे विमान असं पूर्णपणे संगणकावर आखलं. ते १९९४मध्ये उडालं. पूर्वी नग एकमेकांत घुसतात का हे बघायला पूर्ण आकाराचं लाकडी-धातूचं प्रतिरूप बांधत, ते काम पडद्यावर होऊ लागलं. ज्यांच्या हातून नुसती रेघ उत्तम यायची अशा ड्राफ्ट्समनचं या काळात सगळ्यात जास्त नुकसान झालं. काहींनी चाळिशीत माऊस धरला आणि पोरांना मागे टाकलं. बरेचजण डॉक्युमेंटेशन नाहीतर स्टोअर्समध्ये गेले.

एअरबस ए३८०ची गोष्ट याच काळातली. या विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत काम करत होते आणि तुलूझचे पाचव्या. फाइली एकीकडून दुसरीकडे जाताना सगळा तपशील नीट पोचत नव्हता. हॅम्बुर्गहून आलेले वायरींचे जुडगे तुलूझला विमानात बसवायला घेतले तर काही ठिकाणी लांबीला अपुरे. २००६मध्ये कंपनीला विमानं उशिरा मिळणार असं जाहीर करावं लागलं आणि शेअर कोसळला. दोन्हीकडची मॉडेल आपापल्या जागी शुद्ध होती. दोन्हीकडचं एकत्र बघणारा चेकर त्या व्यवस्थेत नेमका कुठे बसतो, हे ठरलेलं नव्हतं.

तोवर 'चेक्ड' रकाना सगळीकडेच आकसू लागला होता. सॉफ्टवेअर इंटरफिअरन्स दाखवतं, मग माणूस कशाला? निवृत्त झालेल्या चेकरची जागा पुन्हा भरायची नाही, असं न बोलता ठरत गेलं. टायटल ब्लॉकचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७२०० हे २००४मध्ये सुधारलं गेलं. त्यात अनिवार्य म्हणून माणसांचे दोनच रकाने आहेत: तयार करणारा आणि मंजुरी देणारा. तपासणारा ऐच्छिक. पाचाचे दोन झाले ते असे. त्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेत एक मानक आलं होतं, ज्यानुसार कागदी ड्रॉइंगशिवायही चालतं: मापं, टॉलरन्स, टिपा सगळं त्रिमितीय मॉडेललाच चिकटवायचं. मग कोपराही गेला. सह्या सर्व्हरवरच्या नोंदीत शिरल्या. 'रिलीज्ड' अशी हिरवी पट्टी दिसते, कुणी बटण दाबलं ते शोधायला दोन मेनू उघडावे लागतात.

मॉडेलमध्ये पुलर असतो का? कुणी मुद्दाम आणून ठेवला तर असतो. सॉफ्टवेअर दोन नगांची धडक तत्परतेनं दाखवतं. तिसरा नग तिथे यायला हवा होता, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. चेकरचं काम गेलं असं आपण मानलं, प्रत्यक्षात ते 'तयार करणारा' या रकान्यात ढकललं गेलं. आणि त्या रकान्यात आता बाविशीतली मुलगी किंवा मुलगा बसतो, ज्यानं ना कधी ट्रेसिंग केलं, ना रात्रपाळीच्या फिटरचं तोंड बघितलं.

आता पाळी आली आहे ती या 'तयार करणाऱ्या'ची. २०१८मध्ये जनरल मोटर्सनं ऑटोडेस्कच्या जनरेटिव्ह डिझाइनच्या मदतीनं सीट-बेल्टच्या कडीचं ब्रॅकेट करून बघितलं. भार कुठे, बोल्ट कुठे, किती जागा मोकळी, एवढं सांगितलं. संगणकानं दीडशेहून अधिक पर्याय काढून दिले. निवडलेला नग हाडासारखा वेडावाकडा, आठ तुकड्यांच्या जागी एक, ४० टक्के हलका आणि २० टक्के मजबूत. असे आकार एकामागोमाग येऊ लागले की मोंजच्या अधिकाऱ्याचीच अडचण समोर उभी राहते: उत्तर इतक्या वेगानं आलंय की ते ज्या वाटेनं आलं ती आपल्याला चालूनच बघता येत नाही. अधिकाऱ्याला मोंजला समोर बसवून विचारता तरी आलं. शिवाय मोंजचा अधिकारी एक उत्तर तपासत होता, इथे दीडशे आहेत. आणि आता साध्या वाक्यांत सांगितलं की कॅडची स्क्रिप्ट लिहून देणारी, मॉडेलवरून मापांसकट ड्रॉइंग काढून देणारी साधनं आली आहेत. ब्रॅकेट, फ्लँज, कव्हर, म्हणजे नव्या पोरांना पहिली दोन वर्षं जे देतात नेमकं तेच काम.

नोकऱ्या किती जातील हे मला सांगता येणार नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कोपऱ्याचा इतिहास एवढं सांगतो की शिडीची पायरी काढताना वरच्या पायरीवरचा माणूस पुढे कुठून येणार, याचा विचार एकदाही आधी झालेला नाही. ट्रेसर गेला तेव्हा शिकाऊ ड्राफ्ट्समनचं शिक्षण गेलं. चेकर गेला तेव्हा डिझायनरचा मास्तर गेला. या खेपेला निदान क्रम उलटा करता येईल. नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून लाल-पिवळी पेन्सिल द्यावी: यंत्रानं काढलेली दहा ब्रॅकेट समोर ठेवून यातलं कुठलं ओतता येणार नाही, कुठल्यात वेल्डिंगची टॉर्च पोचणार नाही, कुठलं खोलता येणार नाही ते सांग. सुरुवातीला त्याला सांगता येणार नाही, म्हणून दर आठवड्याचे दोन दिवस शॉपवर, फिटरच्या हाताखाली. चेकर पन्नाशीत तयार व्हायचा तो तिशीत करायचा तर एवढी गुंतवणूक लागेलच. व्यवस्थापनाला हे महाग वाटेल, कारण त्या मुलाच्या नावावर महिनाअखेर एकही ड्रॉइंग लागलेलं नसेल.

आपल्याकडे इंजिनिअरला डॉक्टर-वकिलासारखी देशव्यापी सनद नाही, त्यामुळे कॅन्सस सिटीसारखा परवाना जाण्याची भीती कारखान्यातल्या डिझायनरला नसते. पण यंत्रं बाहेर पाठवणाऱ्यांना ही सूट फार दिवस पुरणार नाही. युरोपीय संघाचा यंत्रांविषयीचा नवा नियम २० जानेवारी २०२७पासून लागू होतो. त्यात यंत्राची ड्रॉइंग आणि हिशेब असलेली तांत्रिक फाइल दहा वर्षं जपावी लागते, आणि यंत्र नियमांत बसतं या जाहीरनाम्याखाली एका माणसाचं नाव, हुद्दा आणि सही लागते. पुणे, कोल्हापूर, नाशिककडून तिकडे जाणाऱ्या यंत्रांनाही हे लागू आहे. मॉडेल कुणीही काढो, त्या कागदावर सही करणाऱ्यानं पुलर कुठे अडकतो हे आधी विचारलेलं असायला हवं.